वजनदार मुलाचं हाड मोडतं कसं? मुलगा ११ वर्षांचा, एचबीएवनसी ५.९

मानेवाडा_आई

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहिते. तुटक विचारलं की उत्तरंही तुटकच येतात.

माझा मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. उंची १५० सेंटिमीटर, वजन ६२ किलो. वर्गाच्या फोटोत कायम मागच्या रांगेत, सरांच्या शेजारी. मागच्या आठवड्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पकडापकडी खेळताना तोल गेला, उजवा हात टेकला आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडलं. झाडावरून पडला नाही, सायकलवरून पडला नाही, नुसता हात टेकला. तिसरीत असताना डावा हातही असाच मोडला होता. तेव्हा सगळे म्हणाले, पोरं आहेत, पडतातच.

या वेळी आमच्या नागपुरातल्या धंतोलीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालून झाल्यावर त्याची मान निरखून पाहिली. मानेमागे काळपट, जाडसर पट्टा आहे. सासूबाई दर रविवारी बेसन-हळद लावून तो घासतात. डॉक्टर म्हणाले, हा मळ नाही, रक्त तपासून या. रिपोर्ट असे आले: उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.९, व्हिटॅमिन डी ११. शिवाय डाव्या हाताचा एक वेगळा एक्स-रे काढायला लावला आणि सांगितलं की याच्या हाडांचं वय १३ आहे. पुढची तारीख हार्मोनच्या डॉक्टरांकडची मिळाली आहे, पण ती बरीच लांब आहे.

तोवर घरात रोज सभा भरते. सासूबाईंचं म्हणणं, पोरगं हाडापेराचं आहे, वाढत्या वयात त्याच्या ताटातलं काढू नका. नवरा म्हणतो जिम लावू. मला मात्र कळत नाही की एवढं वजन पेलणारी हाडं तर दणकट असायला हवीत ना? साखरेचा हाडाशी काय संबंध? आणि हाडांचं वय १३ म्हणजे उंची दोन वर्षं आधीच थांबणार का?

हो, एक राहिलं. संध्याकाळी डावा गुडघा दुखतो म्हणतो. वाढीचं दुखणं असेल म्हणून तेल लावून देते.

जुना_महाल

ताई, घाबरू नका. आमच्या वाड्यात सगळी पोट्टी अशीच गुटगुटीत होती, कोणाची शुगर कोणी तपासली नाही. रोज दोन पेले दूध, वरून चमचाभर तूप, थंडीत डिंकाचे लाडू. ही लहान मुलांची शुगर म्हणजे आजकालच्या लॅबचं फॅड आहे.

एक्सरेकाका

मी डॉक्टर नाही. धंतोली-रामदासपेठेच्या पट्ट्यात एक्स-रेच्या टेबलाजवळ उभं राहून नोकरी काढली, आता रिटायर आहे. ताई, तुमचं बाकी सगळं नंतर. तुम्ही 'एक राहिलं' म्हणून जे शेवटी लिहिलं, ते आधी.

वजनदार पोट्टा, वय दहा ते सोळा, गुडघा दुखतो. हे तीन शब्द एकत्र आले की नुसता गुडघा बघून थांबायचं नाही, खुबा बघायचा. खुब्याचं दुखणं मांडीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या नसेवरून गुडघ्यात जाणवतं. पोट्टा गुडघ्यावर हात ठेवतो, म्हणून फॉर्मवरही गुडघाच लिहून येतो. गुडघ्याचा फोटो काढला तर एकदम साफ. मग घरचे खुश, मालिश सुरू.

असा एक मुलगा मला अजून आठवतो. फॉर्म गुडघ्याचा होता. पण दारातून आत येतानाच त्याचं एक पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसलं, आणि टेबलावर चढताना त्याने तो पाय हाताने उचलून ठेवला. मी फोटो काढायच्या आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कमरेचा, म्हणजे दोन्ही खुब्यांचा फोटो सांगितला, एक सरळ आणि एक बेडूक पोझिशनचा, म्हणजे गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना पाडलेले. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्याच्या खालच्या निमुळत्या भागावरून, म्हणजे हाडाच्या मानेवरून, मागे सरकलेला होता. सरळ फोटोत तो इतका थोडा दिसत होता की घाईत नजरेतून सुटला असता.

ऑर्थोवाले याला नुसतं 'स्लिप' म्हणतात. वाढत्या मुलांच्या लांब हाडांना टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथेच वाढते. एक्स-रेत तो काळ्या रेघेसारखा दिसतो, आणि नवखे लोक त्यालाच फ्रॅक्चर समजतात. हाड पक्कं असतं, पण ही प्लेट कच्ची असते, आणि वयात येताना खुब्यातली प्लेट तिरपी होत जाते. त्यावर ६०-७० किलो वजन रोज पडलं की गोळा घसरू शकतो. हार्मोनमुळे प्लेट आणखी कमजोर होते ते वेगळंच. वेळेत सापडलं तर एक स्क्रू टाकून गोळा आहे तिथेच थांबवतात. उशीर झाला, किंवा एखाद्या दिवशी अचानक पूर्ण घसरला, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती असते. मग तो खुबा आयुष्यभर त्रास देतो.

म्हणून तीन गोष्टी सांगा. तो लंगडतो का? चालताना डावं पाऊल बाहेर वळतं का? उताणा झोपवून डावा पाय हळूच पोटाकडे वाकवला की गुडघा आपोआप बाहेरच्या बाजूला जातो का? जोर लावू नका, दुखलं की सोडून द्या. यातलं एक जरी 'हो' असलं तरी हार्मोनच्या डॉक्टरांच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तुमचे धंतोलीचे चालतील, सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल चालेल, मिहानचं एम्स चालेल. आणि तोवर त्याला पायऱ्या चढायला लावू नका.

मानेवाडा_आई

काका, वाचून हातपाय गार पडले. आत्ताच त्याला पॅसेजमध्ये चालवून पाहिलं. पाऊल सरळ आहे. झोपवून वाकवलं तर गुडघा सरळच वर येतो. पण संध्याकाळी थोडा लंगडतो, हे खरं. उद्या सकाळीच नेते.

एक्सरेकाका

न्या. पाऊल सरळ आहे हे चांगलं आहे, पण फोटो काढूनच घ्या. आणि गुडघ्याचाच नको, कमरेचा दोन बाजूंनी काढायचा, हे स्वतः तोंडाने सांगा.

आता हाडांच्या वयाचं. तो डाव्या हाताचा एक्स-रे म्हणजे मनगट, तळहात आणि बोटं, सगळं एका फोटोत. मनगटातली छोटी हाडं किती तयार झाली, बोटांच्या ग्रोथ प्लेट किती उघड्या आहेत, हे ठरावीक वयाच्या नमुना चित्रांशी ताडून डॉक्टर वय सांगतात. तुमच्या मुलाचं १३ आलं. वजनदार मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. सातवी-आठवीपर्यंत ही मुलं वर्गात सगळ्यात उंच असतात आणि आईबापांना वाटतं, पोट्टा सहा फुटी होणार. पण ही उंचीची उचल आहे. दिवाळीच्या आधी पगारातून उचल घेतली की पुढच्या महिन्यात हातात तेवढंच कमी येतं, तसं. प्लेट आधी मिटतात आणि शेवटची उंची बहुधा घराण्यात चालते तेवढीच होते. दोन वर्षं आधी थांबेल म्हणजे बुटका राहील असं नाही, पण आजची उंची बघून पुढचा हिशोब मांडू नका. मुलींमध्ये हेच पाळी लवकर येण्याच्या रूपात दिसतं.

साखरेचं माझ्यापेक्षा कोणी शिकलेला माणूस सांगेल.

नाइटड्यूटी

बालरोग विभागात रेसिडेंट आहे, ड्यूटी संपवून लिहून राहिले, वाक्यं वाकडी झाली तर समजून घ्या.

आधी आकडे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आणि उपाशीपोटी साखर १०० ते १२५, हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. एचबीएवनसी ६.५ किंवा उपाशीपोटी १२६ झालं, किंवा त्याच्या पुढे गेलं, तर मधुमेह. म्हणजे तुमचा मुलगा आज मधुमेही नाही. पण जुना_महाल काका, हे लॅबचं फॅडही नाही. मानेवरचा तो काळा पट्टा सांगतो की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतत आहे. बेसनाने तो जाणार नाही, वजन उतरलं की फिकट होतो. ताई, सासूबाईंना सांगा, त्याची मान घासू नका, बिचाऱ्याची कातडी सोलवटते.

वजन ६२, उंची १५० म्हणजे बीएमआय साडेसत्तावीस. मोठ्यांचा २५-३० चा नियम मुलांना लावायचा नसतो. भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, ५ ते १८ वयाचे. त्यात मोठेपणीच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेघा वयानुसार आखलेल्या आहेत. आपल्या लोकांना कमी वजनातच साखरेचा त्रास सुरू होतो म्हणून २३ आणि २७. तुमच्या मुलाचा ठिपका वरच्या रेघेच्याही वर पडतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वजन पेलणारी हाडं दणकट का नाहीत. तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. जास्त भार पडला की हाड जास्त भरतं, त्यामुळे डेक्सा मशीनवर या मुलांची घनता वयाच्या मानाने चांगली किंवा जास्तच येते. पण शरीर ज्या वेगाने जड होतं त्या वेगाने हाड भरत नाही. त्यातही पेलायचं काम करतात ते पाय आणि कंबर. हाताने कोण चालतो? ६२ किलो घेऊन पडलं की तो सगळा दणका मनगटावर येतो आणि मनगट मात्र ११ वर्षांच्या मुलाचंच असतं. शिवाय वयात येताना हाडं आधी लांब होतात आणि खनिज मागाहून भरतं. त्या मधल्या काळात सगळ्याच मुलांची मनगटं जास्त मोडतात. वजनदार मुलांची त्याहून जास्त.

बाकी कारणं आतली आहेत. पोटाच्या आतली चरबी सूज वाढवणारी रसायनं सोडते, ती हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. हाडाच्या आतल्या मज्जेत ज्या मूळ पेशीपासून हाड बांधणारी पेशी बनते, तिच्यापासूनच चरबीची पेशीही बनते. चरबीकडे ओढा वाढला की बांधणारे कमी पडतात. रक्तात साखर सतत जास्त राहिली तर ती हाडातल्या कोलॅजनला चिकटते, आणि हाड लवचिक राहत नाही. म्हणूनच टाइप २ मधुमेहाच्या, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही त्या प्रकारच्या, मोठ्या पेशंटमध्ये आम्ही चकित होतो, घनतेचा रिपोर्ट छान आणि हाड मोडलेलं. मशीन हाडात माल किती आहे ते मोजतं, तो कसा आहे ते मोजत नाही.

हाडांचं वय पुढे का गेलं, तेही याच्याशी जोडलेलं आहे. लठ्ठ मुलांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन उलट कमी असतं. तरी ती उंच होतात, कारण जास्तीचं इन्सुलिन आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या हार्मोनला मोकळं करतं आणि तो ग्रोथ प्लेटला पळवतो. चरबीत एक एन्झाइम असतं जे पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करतं, आणि प्लेट पिकवून मिटवायचं काम मुलग्यांमध्येसुद्धा इस्ट्रोजेनच करतं.

एक दिलासा. दोन हात मोडले म्हणून तुमच्या मुलाला हाडं ठिसूळ झाल्याचं लेबल लागत नाही. मुलांसाठी नियम कडक आहे. दहा वर्षांच्या आत दोन, किंवा एकोणीसच्या आत तीन लांब हाडं मोडलेली हवीत, आणि वर घनताही वयाच्या मानाने फार कमी हवी. म्हणून डेक्सासाठी धावपळ नको, डॉक्टर सांगतील तेव्हा करा.

व्हिटॅमिन डी ११ मात्र कमीच आहे. ते चरबीत विरघळतं आणि चरबीतच अडकून बसतं, म्हणून वजनदार मुलांना नेहमीच्या दोन ते तीन पट डोस लागतो. तो डॉक्टरांनी वजन बघून ठरवायचा. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी मेडिकल स्टोअरमधून स्वतःच आणून महिनोन्‌महिने देणारे पालक मी वॉर्डात पाहिले आहेत. कॅल्शियम वाढून, उलट्या करत, किडनीवर ताण येऊन मूल भरती होतं.

नंदनवनची

वरचं सगळं वाचलं. या धाग्यावर मधुमेह म्हणून जे चाललंय त्यात माझ्या मुलीचाही मधुमेह मिसळू नये म्हणून लिहिते. तिला टाइप १ आहे, सातव्या वर्षी निदान झालं, आता १३ ची आहे आणि अंगाने काडी. लग्नात कोणीतरी अजूनही विचारतंच, 'लहानपणी खूप चॉकलेट देत होते का?' नाही हो. तिच्या शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. त्याचा चॉकलेटशी काही संबंध नाही.

तिच्या बाबतीत हाडाची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. इन्सुलिन हे नुसतं साखर उतरवायचं औषध नाही, शरीर बांधणारं हार्मोन आहे. ते कमी पडलं की आयजीएफ-१ पडतो, हाड बांधणं मंदावतं, लघवीवाटे साखरेबरोबर कॅल्शियमही वाहून जातं. मध्ये एक काळ असा होता की ती डबा खाऊन शाळेत इंजेक्शन चुकवायची, एचबीएवनसी ११ च्या वर. त्या काळात डॉक्टरांच्या तक्त्यावर तिची उंचीची रेघ आडवी झाली होती. दरवाज्याच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलने खुणा करतो, त्याही एकावर एक. डॉक्टरांनी सांगितलं की फार वाईट साखर वर्षानुवर्षं राहिली तर मूल खुजं राहतं, लिव्हर सुजतं, वयात येणं लांबतं. १९३० साली मॉरियाक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं आहे. इन्सुलिन मिळत होतं, पण पुरेसं आणि नीट मिळत नव्हतं, अशी ती मुलं.

साखर आटोक्यात आली तरी तिची उंची म्हणावी तशी धावेना. मग टीटीजीची, म्हणजे सिलिॲक हा आतड्याचा आजार शोधणारी, रक्ततपासणी केली. सिलिॲक निघालं, म्हणजे गहू चालत नाही. टाइप १ च्या मुलांत हे इतरांपेक्षा बरंच जास्त सापडतं, आणि पोट दुखत नसलं तरी आतड्यातून कॅल्शियम, लोह नीट शोषलं जात नाही. कणीक बंद केली. आपल्याकडे ज्वारीची भाकर ताटात आहेच, त्यामुळे घरात फार काही बदललं नाही. त्रास होतो तो वाढदिवसांना. पण गहू सुटल्यावर उंची वाढली.

जुना_महाल काका, दुधाचं तुमचं बरोबर आहे, तुपाचं नाही. मी सगळं मोजून देते म्हणून हिशोब तोंडपाठ आहे. २०२० च्या आयसीएमआरच्या तक्त्यात १० ते १२ वयाला रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, १३ ते १५ ला १०००. मोठा पेला दूध, म्हणजे पाव लिटर, साधारण ३०० देतो. साय काढली तरी कॅल्शियम जात नाही, चरबी तेवढी जाते. तुपात कॅल्शियम जवळपास नसतंच. दोन पेले दूध, एक वाटी दही, भाजीत मुनग्याचा (शेवग्याचा) पाला किंवा चवळाई, आणि भाकरीबरोबर दोन चमचे तिळाची चटणी, झालं काम. जवसाची चटणी आम्हीही आवडीने खातो, पण कॅल्शियममध्ये तीळ तिच्या कितीतरी पुढे आहे. उंची वाढवणाऱ्या चॉकलेटी पावडरीचा डबा मात्र उलटा करून साखर किती ते वाचा.

जुना_महाल

बरं बाप्पा, तूप मागे घेतलं. डिंकाचे लाडू?

नंदनवनची

थंडीत एक. त्यात गूळ-तूप किती जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

खोखोसर

शाळेत पीटी शिकवतो. जिमबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

हाडाला धक्का लागतो तेव्हा ते भरतं. सावकाश चालून वजनाला, साखरेला फायदा होतो, हाडाला कमी. पोहण्यात पाणीच वजन उचलून धरतं, त्यामुळे दमछाक भरपूर होते पण हाडाला फारसं काही मिळत नाही. टेनिस खेळणाऱ्या मुलांचा रॅकेटचा हात दुसऱ्या हातापेक्षा जाड हाडाचा होतो, आणि तोही वयात येण्याआधी खेळायला लागलं तर जास्त. आपले खेळ यासाठीच बांधल्यासारखे आहेत. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या. थोडं खेळायचं, थांबायचं, परत खेळायचं. एका दमात तासभर उड्या मारून हाडाला जास्त मिळत नाही, थोड्या उड्या पण रोज, हे जास्त लागू पडतं.

घाई यासाठी की या वयाला परत येता येत नाही. उंची सगळ्यात वेगाने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडाचा जवळपास चौथा हिस्सा भरतो. अठरापर्यंत ९० टक्के झालेलं असतं. आणि नेमकी हीच वर्षं जाड पोट्टे मैदानाच्या कडेला काढतात, कारण आम्ही मास्तर लोक त्यांना अंपायर करतो, नाहीतर स्कोअर लिहायला बसवतो. लंगडीत ते लवकर बाद होतात आणि उरलेला तास बसून राहतात. मी आता बाद झालेल्याला दुसऱ्या रिंगणात पाठवतो, बसू देत नाही.

ताई, तुमच्या मुलाचं प्लास्टर निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत आणि त्या गुडघ्याचा निकाल लागेपर्यंत यातलं काहीही नको. जिमचं वजन उचलणंही नको.

आणि ऊन. व्हिटॅमिन डी साठी लोक सकाळी साडेसहाला अंबाझरीला जातात. फिरायला छान, पण त्या कोवळ्या तिरप्या उन्हात ते फारसं बनत नाही. सूर्य वर आल्यावर बनतं, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात तर नाहीच. थंडीत मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर असली की बरंच काम होतं. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या ४५ अंशांत कोणाच्या पोराला दुपारी उन्हात उभं करा असं मी म्हणणार नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली पुडीच.

मानेवाडा_आई

आजचं सांगते. खुब्याचे दोन्ही फोटो साफ आले. काका, बेडूक पोझिशन मी तोंडाने सांगितली तर टेक्निशियन हसला, म्हणाला, 'म्याडम, तुम्हाला कोणी शिकवलं?'

डॉक्टरांनी गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी जो उंचवटा असतो तिथे बोट दाबलं, तर पोरगं ओरडलं. दुखणं तिथलं आहे. मांडीचा मोठा स्नायू जिथे येऊन चिकटतो तिथेही एक वाढीची प्लेट असते, ती ओढली जाऊन सुजली आहे. हाडांचं वय १३ असल्यामुळे हे या वयात आलं, म्हणाले, एरवी जरा मोठ्या मुलांत दिसतं. उड्या आणि जिना धावत चढणं काही आठवडे बंद, बर्फाचा शेक, मांडीचे ताण देणारे व्यायाम. प्लेट मिटली की हे आपोआप थांबतं. पण पाऊल बाहेर वळायला लागलं किंवा दुखणं जांघेत आलं तर परत खुब्याचा फोटो, असं बजावून सांगितलं.

वजनाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते सासूबाईंनाही पटलं. त्याला वजन भराभर उतरवायला लावायचं नाही. उपास, एकवेळ जेवण, असलं काही केलं तर याच वर्षांत हाड भरायचं राहून जाईल. वजन आहे तिथे टिकवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. सध्या कोल्ड्रिंक आणि शाळेतून येतानाचा समोसा बंद. रविवारचे तर्री पोहे चालू, पण शेव निम्मी. साखरेचं औषध आत्ता नाही, तीन महिन्यांनी परत एचबीएवनसी.

एक शंका राहिली. हात, परत हात, गुडघा, कमरेचे दोन. एवढ्या एक्स-रेंचं काही होत नाही ना? आणि हाडांच्या वयाचा फोटो वर्षाने परत काढायला सांगितलाय.

एक्सरेकाका

छान झालं. नडगीच्या उंचवट्याचं दुखणं त्रासदायक असतं, पण घाबरायचं नाही.

किरणांचं सांगतो. हाताच्या एका एक्स-रेत जेवढी किरणं लागतात तेवढी घरात बसून, जमिनीतून आणि आकाशातून, काही तासांत मिळतातच. ती तर सोडूनच द्या. गुडघ्याचंही तसंच. कमरेच्या फोटोला त्याहून कितीतरी जास्त लागतात, म्हणून तो विनाकारण काढायचा नाही. पण तुमच्या मुलाला कारण होतं. आम्ही पूर्वी मुलांच्या जांघेवर शिशाचा तुकडा ठेवत असू. आता बऱ्याच ठिकाणी तो ठेवत नाहीत, तर भांडू नका. तो नेमका खुब्यावर सरकला की फोटो वाया जातो आणि दुसऱ्यांदा काढावा लागतो, म्हणजे दुप्पट किरणं.

हाडांच्या वयाचा फोटो वर्षाच्या आत काढून काही कळत नाही, तेवढ्यात फरक दिसत नाही. जाताना आत्ताची फिल्म किंवा सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. वाचणारा डॉक्टर बदलला की सहा महिने इकडे-तिकडे होतात, दोन्ही फोटो शेजारी ठेवले तरच खरं काय ते समजतं. आणि दोन्ही वेळा डावाच हात. टेक्निशियनने घाईत उजवा ठेवला तर त्याला थांबवा, तुमचं ऐकतो तो आता.

मानेवाडा_आई

फिल्म कपाटात ठेवली आहे, पाकिटावर तारीख टाकून. काका, त्या टेक्निशियनला तुमचं सांगितलं. तो म्हणाला, एवढं बारीक सांगणारा धंतोलीत एकच माणूस होता.

एक्सरेकाका

त्याला म्हणा, बेडूक पोझिशनला टाचा जुळल्या आहेत का ते बघत जा. तो विसरतो.